एकीचे डोळे, एकीचे पाय

गुरुवारी दुपारी चाचणीच्या खोलीत एका मिशीवाल्या गृहस्थानं हवेत चाचपडत शेजारच्याचं कोपर धरलं आणि इकडे खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या उजव्या कोपरातून काहीतरी सर्रकन गेलं. झालं ते एवढंच. दोघं साडू होते. आमच्या अनघाच्या सोसायटीतले, चाळिशीचे, आमचा भीतीचा गेम खेळून बघायला बाणेरच्या ऑफिसात आलेले. डोळ्यांवर हेडसेट चढवायच्या आधी मिशीवाल्यांनी मला बजावून सांगितलं होतं, ''मॅडम, मला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही हं.'' मी मान डोलावली. असं बजावणारा माणूस तिसऱ्या मिनिटाला दचकतो, ही अकरा वर्षांची टिपणं आहेत माझी. न बजावणारा सातव्याला. बायका आधी बांगड्या मागे सारतात, पुरुष घसा खाकरतात, आणि जो सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो तो मधेच पाणी मागतो. माझ्या डाव्या तळहातात गर्दी मोजायचा तो छोटा काउंटर असतो. खांदे उडाले, एक टिचकी. श्वास अडकला, एक. तोंडातून आवाज निघाला, दोन. लोक समोरच्या अंधारात काय आहे ते बघतात, मी लोकांच्या मानेचा मागचा भाग बघते. तर मिशीवाले तिसऱ्या मिनिटाला, लिफ्टच्या दाराशी, दचकले. खांदे उडाले, हात बाजूला गेला, साडूंचं कोपर सापडलं, आणि साडू हेडसेटमधूनच म्हणाले, ''अहो राव, मी आहे! बायको नव्हे!'' मग दोघंही पोट धरून हसत सुटले. लिफ्टमधलं भूत आपलं काम करून निघून गेलं, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

''हसले,'' अनघा काचेपलीकडून आत येत म्हणाली. कंपनी तिची. माणूस सरळ, बोलणं घाईचं. ''दोघांना खेळायला दिलं की हसतात. पण दोघांना खेळायला दिलं तरच लोक मित्रांना ओढून आणतात. मी कुठं अडकलेय बघ. सोमवारी सकाळी तू सांग, शहनाज, दुसरा खेळाडू ठेवायचा की काढायचा. तू म्हणशील ते शेवटचं.'' माझ्याकडे निकाल मागायला कारण होतं. 'भीती एकट्याची असते' हे माझं वाक्य ऑफिसात पाण्याच्या मशीनवर छापून लावलेलं आहे. नवीन माणूस आला की त्याला आधी वायफायचा पासवर्ड सांगतात आणि मग हे. मी तिथल्या तिथे 'काढा' म्हणू शकले असते. तोंडाशी आलंही होतं. पण माझा डावा हात उजव्या कोपरावर होता, आणि तो तिथे कधी गेला ते मला कळलं नव्हतं.

त्या कोपराला एक पकड ओळखीची आहे. अंगठा आत, बोटं बाहेर, आणि करंगळीचं नख थोडं टोचणारं. दोन हजार पाच सालचा उन्हाळा, दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा. लोणावळ्यात स्टेशनकडून येणाऱ्या उतारावर अब्बांचं सायबर कॅफे होतं. राजमहंमदभाईंचा सायबर, असंच लोक म्हणायचे, पाटीवर वेगळं नाव असूनही. आठ मशीन, आठ कप्पे, कप्प्यांना हिरवे पडदे. दुपारी एक ते तीन गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा कोपऱ्यातलं चार नंबरचं मशीन मला आणि तेजलला मिळायचं. अब्बांनी तिथे खुर्ची काढून दोन स्टुलं ठेवली होती. ''डोकी दोन, मशीन एक. भांडलात तर दोघीही बाहेर,'' असा त्यांचा कायदा. तेजल कार्ल्याची. तिचे वडील हनुमंतभाऊ रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये, आई चिमाबाई खंडाळ्याकडच्या बंद बंगल्यांची देखभाल करायची. मालक वर्षातून दोनदा येणार आणि खोल्या मात्र रोज झाडायच्या, असले बंगले. गेमची सीडी कुणीतरी कॅफेत विसरून गेलं होतं. तिच्यावर मार्करनं 'भूत २' लिहिलेलं. 'भूत १' आम्हाला आयुष्यात कधी सापडलं नाही. गेममध्ये एक बंद पडलेलं सॅनिटोरियम, लांबच लांब व्हरांडे, आणि कोणाला तरी शोधत फिरायचं. कोणाला ते इंग्रजीत असल्यामुळे आम्हाला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही.

गेम एकट्यानं खेळायचा होता. पण आम्ही दोघी होतो आणि अब्बांचा कायदा होता, म्हणून आम्ही त्याची वाटणी केली. कीबोर्ड तेजलकडे, म्हणजे पाय. माऊस माझ्याकडे, म्हणजे डोळे. मी बघणार, ती चालणार. मी मान वळवल्याशिवाय तिला कुठं जायचं ते दिसायचं नाही, आणि तिनं पाऊल टाकल्याशिवाय मला कोपऱ्यापलीकडचं दिसायचं नाही. पहिल्या दिवशी आम्ही अर्धा तास एकाच भिंतीवर डोकं आपटत होतो. मग आपोआप बोलायची रीत पडली. मी म्हणायचं, ''डावीकडे दार.'' तिनं म्हणायचं, ''डावीकडे दार,'' आणि मगच पाऊल टाकायचं. ''जिना.'' ''जिना.'' ''कोणीतरी आहे.'' यावर ती काही म्हणायची नाही, नुसता कीबोर्डवरचा एक हात सुटायचा आणि माझं कोपर धरलं जायचं, की माऊस हालायचा, की समोरचं सगळं जग गरकन फिरायचं. भुतापेक्षा त्या फिरण्याचीच भीती जास्त. तीन वाजता लोडशेडिंग. तीनला दोन मिनिटं कमी असली तरी अब्बा पलीकडून हाक मारायचे, ''बेटा, लाइट जाणार!'' आणि गेली की यूपीएसचा बीप सुरू व्हायचा. बॅटरीत सात मिनिटं. या गेममध्ये हवं तिथं सेव्ह करता यायचं नाही, ठरावीक खोलीत जाऊनच करावं लागायचं. त्या सात मिनिटांत भूतबीत राहिलं बाजूला, आम्ही दोघी त्या सॅनिटोरियममधून ''उजवीकडे-उजवीकडे-सरळ-सरळ'' अशा किंचाळत पळायचो आणि सेव्ह झालं की एकमेकींच्या गळ्यात. एकदा चिमाबाई तिला न्यायला आलेली. पडदा बाजूला करून तिनं मॉनिटरवरचा तो ओस व्हरांडा बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाली, ''ह्यात भ्यायाचं काय हाय गं? असल्या ईस खोल्या मी रोज झाडती. भूत कुटं हाय ते ऱ्हाऊ द्या, एवढी फरशी पुसतं कोण ते सांगा.''

मग तेजल आठ दिवस परंदवडीला गेली, मामाच्या घरी लग्न होतं. जाताना म्हणाली, ''थांबशील ना गं?'' मी म्हटलं, ''हो, म्हणजे काय!'' आणि तिसऱ्या दिवशी एक वाजता चार नंबरवर जाऊन बसले. आधी नुसतं उघडून बघायचं म्हणून. मग नुसतं पुढच्या दारापर्यंत. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर. स्वतःच बघायचं आणि स्वतःच चालायचं, मधे कुणी काही म्हणायला नाही. ती भीती मला आजही तशीच्या तशी आठवते. जिभेला तांब्यासारखी चव आली होती, आणि हिरव्या पडद्यापलीकडे अब्बा कुणाला तरी प्रिंट काढून देत होते, त्या प्रिंटरच्या करकरीचा मला इतका आधार वाटला की रडू येईल. दोन दुपारींत गेम संपला. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या नावांची रांग सरकायला लागली आणि मी उजवीकडे वळून म्हणाले, ''संपलं!'' स्टुलावर माझंच दप्तर होतं. गेम संपवला की जुनं सेव्ह पुसलं जातं, हे मला माहीत नव्हतं. तेजल आली ती मेंदीच्या हातांनी, लाडवाचा डबा घेऊन. मी म्हटलं, ''लाइट गेली गं. बीपच ऐकू आला नाही. सगळं उडालं.'' तिनं डबा कीबोर्डशेजारी ठेवला. मला वाटलं, आता विचारेल, मी नसताना मशीन चालू कशाला केलंस. ती म्हणाली, ''बरं. पहिल्यापासून.''

पहिल्यापासून. प्रत्येक दार मला पाठ, प्रत्येक आवाजाची वेळ पाठ, आणि मला घाबरायचं होतं. मी घाबरले. ओठ चावले, डोळे मिटले, एकदा तर स्टुलावरून पडले. आणि शेजारी तेजल खरीखुरी घाबरत होती. तिचा हात कोपरावर आला की मला आतून काहीतरी कुरतडायचं. ते सहन व्हावं म्हणून असेल, मी घरी जाऊन रसायनशास्त्राच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. तेजल, जिना, कोपर धरलं. तेजल, आरसा, श्वास अडकला. तेजल, लिफ्ट, किंचाळली. त्या सुट्टीत मी भिणाऱ्यांच्या रांगेतून उठले आणि मोजणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसले, ती आजतागायत तिथेच आहे. पुढे इंजिनिअरिंग, पुणे, अनघाची कंपनी. आमचा पहिला गेम त्या वहीवरून झाला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यातल्या लिफ्टच्या प्रसंगाचं लोकांनी फार कौतुक केलं, म्हणून तो या नव्या गेममध्येही आहे. हे तुम्हाला सुचतं कुठून, असं विचारतात. मी म्हणते, निरीक्षण.

शुक्रवारी मी तेजलला फोन लावला. आमचं बोलणं म्हणजे ईदला तिचा मेसेज, चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला माझा, आणि मधे कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर तेवढं. आठ वर्षांत समोरासमोर भेट नाही. ती लोणावळ्यातच आहे. रेल्वेत लोको पायलट, घाटात गाड्यांना मागून रेटणारी इंजिनं चालवते. फोनवर मी उगाच लांबण लावत होते. ती म्हणाली, ''अगं, काम काय आहे ते सांग ना. रविवारी मला सुट्टी आहे.'' मी म्हटलं, एक गेम खेळायचाय, दोघींनी. पलीकडून आलं, ''चार नंबरवर?''

चार नंबर आता नाही. अब्बा गेल्यावर माझा भाऊ सोहेल तिथे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, झेरॉक्स काढतो. कप्पे गेले, हिरवे पडदे गेले, यूपीएस जाऊन इन्व्हर्टर आला, तो बिचारा मुकाट्यानं चालतो. रविवारी दुपारी त्यानं शटर अर्धं ओढून घेतलं, दुकान आमच्या हवाली केलं आणि जेवायला गेला. बाहेर सुट्टीच्या गाड्यांच्या हॉर्नचा गोंधळ. मी लॅपटॉप मांडला, दोन हेडसेट काढले, काउंटर सवयीनं हातात घेतला. तेजल शटरखालून वाकून आत आली. केस आखूड कापलेले, अंग भरलेलं, डोळ्यांभोवती ऊन आणि वारा. आल्या आल्या तिनं दुकान डावीकडून उजवीकडे एकदा नीट बघून घेतलं, जसं काही सिग्नल आहे की नाही ते बघतात, आणि कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनपाशी जाऊन म्हणाली, ''हे इथं होतं.'' मग दोन स्टुलं तिनंच ओढली. उजवीकडचं स्टूल तिनं घेतलं. तिचंच होतं ते.

मी तिला अनघाचा पेच सांगितला. दोघं मिळून खेळले की हसतात, भीती उडते. तिनं ऐकून घेतलं, हेडसेट हातात फिरवून बघितला. ''बोलतात काय ते?'' तिनं विचारलं. मी म्हटलं, ''काहीही. जोक मारतात. जेवायला कुठं जायचं ते ठरवतात.'' ''मग हसणारच की. आमच्या कॅबमध्ये आम्ही दोघं असतो. मी आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की त्यानं मोठ्यानं म्हणायचं, मी मोठ्यानं म्हणायचं. घाटात धुकं असलं की पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. एकट्यानं बघितलेलं धरतच नाहीत, दोघांनी म्हटलं तरच खरं. ट्रेनिंगला सगळ्यांना हे शिकायला चार दिवस लागले. मला नाही लागले.'' ती माझ्याकडे न बघता हसली. ''इन्स्ट्रक्टर म्हणाले, कुठं शिकलात हो? मी म्हटलं, सॅनिटोरियममध्ये.''

ते ऐकल्यावर मला बोलल्यावाचून राहवेना. वीस वर्षं साठलेलं एका दमात सांगून टाकलं. परंदवडीचे आठ दिवस, दोन दुपारी, पुसलेलं सेव्ह, लाइटची थाप, आणि नंतरचं सगळं नाटक. वहीचंही सांगितलं. बोलताना काउंटर हातात होता आणि अंगठा आपोआप टिचक्या मारत होता, काय मोजत होता कोण जाणे. तेजलनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, ''झालं? माहीत होतं मला.''

''काय माहीत होतं?''

''तू संपवलायस ते. दुसऱ्याच दिवशी कळलं. अगं, घाबरलेला माणूस आधी थांबतो, मग बघतो. तू आधी बघायचीस आणि मग थांबायचीस. आवाज यायच्या आधी तुझा माऊस तिकडं वळलेला असायचा. आणि स्टुलावरून पडलीस तेव्हा आधी चष्मा काढून ठेवला होतास.''

हे मात्र मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, ''मग बोलली का नाहीस?''

''बोलून काय झालं असतं? तू रडली असतीस, मी जाऊ दे म्हटलं असतं, दोघी आपापल्या घरी. सुट्टीचे पंधरा दिवस उरले होते, ते कुठं घालवायचे?''

''पण तू तर खरंच भीत होतीस. लिफ्टपाशी तू किंचाळली होतीस. माझ्याकडे लिहिलेलं आहे.''

तेजल तोंडावर हात ठेवून हसायला लागली, खांदे हालेपर्यंत. ''शानू, माझी आई असल्या वीस खोल्या झाडायची. मी शाळेतून थेट तिथं जायचे, तिथल्याच व्हरांड्यात अभ्यास करायचे. मला व्हरांड्याची कसली भीती? तू एवढा जीव तोडून घाबरत होतीस. तुला एकटीला कसं करू द्यायचं?''

बाहेर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून विसरून गेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती वही होती. निळी शाई, तेजल, जिना, तेजल, आरसा. त्या पानांवर एक कंपनी उभी राहिली होती. ज्या किंकाळीवरून तो लिफ्टचा प्रसंग झाला ती एका सोळा वर्षांच्या मुलीनं मैत्रिणीचं मन राखायला मारलेली होती. आणि तरी लोक तिथे दचकतात, गेल्या गुरुवारी मिशीवाले दचकलेच की. मला राग यायला हवा होता, निदान लाज. आलं ते वेगळंच. दोन मुली शेजारी शेजारी बसून, एकीला कळू नये म्हणून दुसरी भीत होती आणि दुसरीला वाईट वाटू नये म्हणून पहिली. त्या पंधरा दुपारींत चार नंबरवर खरं घाबरलेलं कुणीच नव्हतं, आणि माझ्या आयुष्यात तेवढा भरलेला काळ पुन्हा आलेला नाही.

''म्हणजे तुला कधीच भीती वाटली नाही?'' मी विचारलं.

''वाटली ना. परंदवडीला. मांडवात बसले होते, हाताला मेंदी, नाक खाजलं तरी खाजवता येईना. आणि डोक्यात एकच, ही काही थांबत नाही.'' ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग हेडसेट डोळ्यांवर ओढला. ''चल. पहिल्यापासून.''

मी लॅपटॉपवर वाकले आणि जे अकरा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. माझा पडदा काळा केला, आवाज बंद केला, आणि तिच्या खेळाडूचे पाय काढून माझ्याकडे, माझ्या हाताखालच्या कळांवर, घेतले. फार काही नाही, दोन-चार ओळींचं काम. बघणार ती, चालणार मी. या वेळी डोळे तिच्याकडे. सोमवारी अनघाला हेच सांगायचं, दोघांना एकेक भीती देऊ नका, दोघांत मिळून एकच द्या, अर्धी अर्धी. हा विचार मनात येऊन गेला आणि मी हेडसेट चढवला. अंधार. गेम माझा, नकाशा मी काढलेला, कुठे काय आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण नुसतं तिच्या आवाजावर पाऊल टाकायचं तर पायाखाली काहीच माझं नव्हतं.

''डावीकडे दार,'' तेजल म्हणाली.

''डावीकडे दार.''

''बंद आहे. सरळ.''

''सरळ.''

''जिना. उतरतोय.''

''जिना, उतरतोय.'' तिचा आवाज ड्यूटीवरचा होता, सपाट, एकही शब्द जादा नाही. हसायला जागाच नव्हती. ''लिफ्ट,'' ती म्हणाली. ''लिफ्ट,'' मी म्हटलं आणि थांबले. इथे काय होतं ते मला माहीत होतं. दार उघडतं, अकरा सेकंद काही नाही, मग ते येतं. ते अकरा सेकंद मीच ठरवलेले. मी मनात मोजायला लागले. सात. आठ. तेजल काही बोलेना. अकरा झाले. चौदा झाले. आता तिच्यासमोर ते उभं असणार, किंवा येऊन गेलं असणार, किंवा तिनं हेडसेट काढून ठेवला असणार आणि शटरखालून वाकून बाहेर गेली असणार, हॉर्नच्या त्या गोंधळात, कार्ल्याला, परंदवडीला. बाहेरचे हॉर्नही आता ऐकू येत नव्हते. जिभेवर तांब्याची चव आली. ''तेजल?'' मी म्हटलं. ''तेजल, काय दिसतंय?'' काउंटर खाली कुठेतरी पडला, त्याचा खणकन आवाज झाला. माझा उजवा हात आपणहून उठला आणि हवेत, बाजूला, दुसऱ्या स्टुलाच्या दिशेनं चाचपडत गेला.

कोपर तिथे होतं.

''थांब,'' तेजल म्हणाली. ''बघतेय.''

''बघतेय,'' मी म्हटलं.